सूचना सहाला लागली, पालकांना दिसलीच नाही

जुलैतला रेड अलर्ट, कोकणातलं तालुक्याचं गाव, सकाळ सत्र सातला भरणारं. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश पहाटे निघाला. शाळेच्या लिपिकाने सहाच्या सुमारास घरूनच संकेतस्थळावर सूचना टाकली, आपल्या लॅपटॉपवर पान उघडून खात्रीही केली. तरी सातला पाचवी-सहावीची बरीच मुलं फाटकाशी भिजत उभी. पालक म्हणाले, "साइटवर काही नव्हतं." लिपिक म्हणाले, "टाकली होती, हा बघा स्क्रीनशॉट." दोघंही खरं बोलत होते. ही केस अजून डोक्यातून जात नाही ती म्हणूनच.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर होती आणि आधीच्या विक्रेत्याने वेग वाढवायला कॅशिंगचं प्लगइन, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून तीच पुन्हा दाखवणारं जोडसॉफ्टवेअर, बसवून त्या प्रतीची मुदत 24 तास ठेवली होती. अशी प्लगइनं लॉगिन केलेल्या माणसाला सहसा ताजं पान देतात आणि बाकीच्यांना साठवून ठेवलेलं. म्हणजे सूचना टाकणाऱ्याला ती दिसते. जिच्यासाठी टाकली त्या आईला कालचं पान दिसतं. बातमी छापणाऱ्या साइटवर लोक हे पहिल्या आठवड्यात शिकतात. शाळांच्या साइटवर कुणी शिकत नाही, कारण वर्षभरात तातडीची सूचना दोन-चार वेळाच लागते.

इलाज तीन ठिकाणी करावा लागतो. मुखपृष्ठ आणि सूचनांचं पान कॅशमधून वगळायचं, किंवा सूचना प्रकाशित होताच त्या दोन्ही पानांच्या साठवलेल्या प्रती पुसल्या जातील असं जोडून द्यायचं. साइटच्या पुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून वाटणारी सेवा, असेल तर तिथलीही प्रत पुसायची. आणि ब्राउझरला त्या पानांसाठी 'दर वेळी विचारून घे' असा आदेश सर्व्हरकडून पाठवायचा, नाहीतर पालकाच्या फोनमध्ये साठलेली प्रत तशीच राहते. तपासणी कधीही शाळेच्या वायफायवर, लॉगिन असलेल्या मशीनवर करू नये. खाजगी विंडो, मोबाइल डेटा, शक्यतो दुसऱ्या कंपनीचं सिम.

पण कॅश नसती तरी सूचना पोचली असती का? मला शंका आहे. मुखपृष्ठावर सर्वांत वर स्लायडर होता, म्हणजे आपोआप बदलणारे फोटो. वार्षिक स्नेहसंमेलनाचे पाच फोटो, कॅमेऱ्यातून उतरवले तसेच, प्रत्येकी चार-पाच एमबी. पावसात टॉवरची रेंज एका कांडीवर आलेली असताना वीस एमबींच्या वर कोण थांबेल? त्याखाली कार्याध्यक्षांचा संदेश, मग सरकती पट्टी, आणि त्या पट्टीत लुकलुकणारं 'नवीन'. त्यावर बोट पडलं तर स्कॅन केलेली पीडीएफ. सरकत्या ओळीवर बोट नेमकं पडणं ही तरुणांची कला आहे, आजोबांची नाही.

फोटो 1600 पिक्सेल रुंदीला आणून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवले की प्रत्येकी दोनशे केबींच्या आसपास बसतात, आणि स्क्रीनवर फरक डोळ्याला कळत नाही. सूचना मात्र मजकूर म्हणूनच हवी. वेबवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये (यूटीएफ-8) देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, म्हणजे दोनशे चिन्हांची सूचना जेमतेम सहाशे बाइट. तीच सूचना स्कॅन होऊन आली की एक-दोन एमबी, शिवाय शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन पालकाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही.

मजकूर म्हणून टाका म्हटलं की शाळेची पुढची अडचण निघते: कार्यालयातली सगळी पत्रं सुरेख किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली. तो मजकूर उचलून साइटवर चिकटवला की कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. म्हणूनच लिपिक स्कॅनकडे वळतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरावा, पण बदललेला मजकूर वाचूनच पुढे जावं. रफार चुकीच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' मोडतो. पुढच्या पत्रांसाठी इनस्क्रिप्ट हा युनिकोड टायपिंगचा कीबोर्ड शिकवणं परवडतं.

थीमनेही, म्हणजे साइटच्या तयार मांडणीनेही, घोळ घातला होता. इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांत अंतर सोडलेलं, त्यामुळे मराठी मथळ्यांची शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत तुटलेली. देवनागरीला ते अंतर शून्यच हवं. ओळीची उंची 1.6 ते 1.8, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. पानाची भाषा 'इंग्रजी' नोंदवलेली होती, ती मराठी केली. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य आवाज निवडतं.

दुसऱ्या दिवशी वेगळाच तमाशा. मागच्या वर्षीची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. "उद्या दि. 25 रोजी शाळेस सुट्टी राहील." वर्ष नाही, वार नाही, खाली शिक्का आणि सही अस्सल. शाळा सुरू, मुलं घरी. आता प्रत्येक सूचनेला स्वतंत्र पत्ता आहे, आणि वार, तारीख, वर्ष शीर्षकातच. पाठवलेल्या दुव्याखाली व्हॉट्सअ‍ॅप जो चौकोन दाखवतं तो या शीर्षकावरून बनतो. जुनंच पान बदलून तिथे नवी सूचना टाकू नये, कारण चौकोनात जुना मजकूर साठून राहतो. मुदत संपली की पानावर आपोआप ठळक 'ही सूचना जुनी आहे' येतं. पान काढून टाकायचं नाही. खोटं पकडायला ते लागतं.

इथवरचं काम तांत्रिक, म्हणजे सोपं. खरी गाठ जावक क्रमांकाची होती. संस्थेच्या नियमाप्रमाणे सूचना लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का होऊन मगच बाहेर जाते. पहाटे सहाला रजिस्टर कपाटात आणि किल्ली शिपायाकडे. त्या दिवशी लिपिकाने सही-शिक्क्याशिवाय सूचना टाकली आणि नंतर त्याबद्दल बोलणीही खाल्ली. ज्याने वेळेवर काम केलं त्यालाच खुलासा मागणारी आमची व्यवस्था.

संस्थाचालकांना पटवायला ट्राय या दूरसंचार नियामकाचा नियम कामी आला. शाळा पालकांना एसएमएस पाठवते त्याचा साचा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-प्रणालीवर आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवताना फक्त तारीख आणि सत्र भरायचं. साचा तुम्हीच मंजूर करून घेतलाय, मग तोच साइटवर चालवा, एवढंच म्हटलं. असे तीन साचे ठरले: पूर्ण दिवस सुट्टी, सत्र लवकर सुटणार, परीक्षा पुढे ढकलली. मजकूर 70 चिन्हांच्या आत बसवला, कारण मराठी एसएमएस त्यापुढे गेला की दोन भागांत मोजला जातो आणि बिल वाढतं. मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांना स्वतंत्र लॉगिन. फोनवर साचा निवडायचा, तारीख-सत्र निवडायचं, प्रकाशित करायचं. जावक क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो, तो अकराला कार्यालय उघडल्यावर भरतात. बाकी सर्व मजकुराला कार्याध्यक्षांची मंजुरी पूर्वीसारखीच.

मुखपृष्ठावर आता सर्वांत वर एकच पट्टी: आज शाळा आहे की नाही, आणि ते कधी तपासलं त्याची वेळ. 'काही सूचना नाही' हेही लिहिलेलं हवं, नाहीतर पान अडकलंय की खरंच काही नाही हे पालकाला कळत नाही. त्याखाली सत्रांच्या वेळा, बोट लावताच लागणारा फोन, दाखला-बोनाफाईडसाठी काय आणायचं. कार्याध्यक्षांचा संदेश 'संस्थेविषयी'त गेला. त्यावरून झालेली चर्चा कॅशच्या दुरुस्तीपेक्षा लांबली.

शिक्क्याचं चित्र पट्टीवर हवंच, हा आग्रह काही सुटलेला नाही. चित्रातला शिक्का कोणीही उचलून खोट्या सूचनेवर लावू शकतो, हे मागच्या वर्षीच्या कागदाने दाखवलं, तरी "शिक्का नाही तर ऑफिशियल कसं?" हा प्रश्न उरतोच. शिवाय संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा शेजारच्याच इमारतीत, साइट वेगळी, बस मात्र दोघांची एकच. तिथल्या मुख्याध्यापिका मॅडमना ही पट्टी बदलण्याचा अधिकार द्यायचा का, हा विषय संस्थेच्या पुढच्या सभेत आहे.