आमची वाटचाल : न भरणाऱ्या जखमा आणि शॉकवेव्ह

आमची छोटी फर्म सुरू झाली ती मुतखडा फोडणाऱ्या लिथोट्रिप्सी यंत्रांच्या देखभालीसाठी. शस्त्रक्रिया न करता बाहेरून शॉकवेव्ह, म्हणजे दाबाच्या तीव्र लहरी, देऊन मुतखडा फोडण्याचा पहिला उपचार १९८० साली म्युनिकमध्ये झाला, आणि त्यासाठी लागणारे यंत्र डॉर्नियर या विमाने बनवणाऱ्या कंपनीने तयार केले होते. यंत्रात विजेची ठिणगी पाडणारे इलेक्ट्रोड बदलणे, ठिणगीची ताकद तपासणे, लहरीचा दाब मोजणे हे आमचे रोजचे काम. त्यामुळे याच लहरी फार कमी ऊर्जेवर दिल्या तर ऊतींना इजा न होता जखम भरायला मदत होते, हे वाचनात आले तेव्हा यंत्राची बाजू आम्हांला नवी नव्हती. जखमेची बाजू मात्र पूर्णपणे नवी होती, आणि ती शिकण्यातच फर्मची पुढची वर्षे गेली.

चार ते सहा आठवडे योग्य उपचार करूनही जी जखम भरण्याच्या मार्गाला लागत नाही, तिला साधारणपणे जुनाट जखम म्हणतात. मधुमेहींच्या तळपायाची जखम, पायाच्या शिरांत रक्त साचून घोट्याजवळ होणारी जखम आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे शय्याव्रण हे तिचे नेहमीचे प्रकार. वयस्कर माणसांत त्यांचे प्रमाण जास्त असते, कारण त्वचा पातळ झालेली असते, रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आहारात प्रथिने कमी पडतात आणि संवेदना गेल्यामुळे टोचलेले कळतही नाही. अशी जखम दाहाच्याच टप्प्यात अडकून पडते. शॉकवेव्हचा दाब काही नॅनोसेकंदांत शिखरावर पोहोचतो आणि लगेच ऋण दाबापर्यंत खाली येतो. या क्षणिक ताणाला पेशी प्रतिसाद देतात, नायट्रिक ऑक्साइड आणि नव्या केशवाहिन्यांना चालना देणारे व्हीईजीएफसारखे घटक वाढतात, आणि दाह ओसरू लागतो.

पहिला मोठा निर्णय यंत्र निवडण्याचा होता. शॉकवेव्ह या नावाखाली विकली जाणारी अनेक यंत्रे प्रत्यक्षात रेडियल असतात, म्हणजे संकुचित हवेने आतला धातूचा तुकडा टोकावर आदळवून दाब निर्माण करतात. हा दाब सावकाश वाढतो आणि त्वचेपासून खोल जाताना विरत जातो. टाचदुखीसाठी ती यंत्रे वापरात आहेत. परंतु आमच्यासमोर जखमांचे जे अभ्यास होते, त्यांतील सर्वांत भक्कम पुरावा इलेक्ट्रोहायड्रॉलिक, म्हणजे पाण्यात विजेची ठिणगी पाडून लहर निर्माण करणाऱ्या यंत्राचा होता, म्हणून महाग असूनही आम्ही तेच तंत्र निवडले. अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी डर्मापेस या इलेक्ट्रोहायड्रॉलिक यंत्राला मान्यता दिली, ती एकूण ३३६ रुग्णांच्या दोन चाचण्यांच्या आधारावर. २४ आठवड्यांनंतर शॉकवेव्ह घेतलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांच्या जखमा बुजल्या, तर नेहमीच्या उपचारासोबत खोटी शॉकवेव्ह दिलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांच्या. कोणत्याही रुग्णालयाशी बोलताना हे दोन्ही आकडे आम्ही एकत्रच सांगतो, कारण त्यांतला फरक खरा आहे आणि मर्यादितही आहे. ही मान्यता १६ चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या आणि हाड उघडे न पडलेल्या जखमांपुरती आहे, हेही सांगतो. शिरांच्या जखमांबाबत कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याला निकषांत बसणारी एकही चाचणी मिळाली नव्हती, म्हणून तिथे आम्ही आश्वासन देत नाही.

प्रत्यक्ष उपचार दिसायला साधा आहे, पण सगळे हातावर अवलंबून आहे. नर्स जखम स्वच्छ करते, डॉक्टर मृत ऊती काढतात, जखमेवर निर्जंतुक जेल आणि पातळ फिल्म पसरली जाते. या थरात हवेचा बुडबुडा राहिला तर लहर तिथेच अडते आणि खालच्या ऊतींपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आमची तंत्रज्ञ मंडळी बोटाने फिल्म मधून कडेकडे दाबत नेतात आणि उजेडात तिरके पाहून खात्री केल्यावरच हँडपीस, म्हणजे यंत्राचा लहर सोडणारा हातातला भाग, टेकवतात. जखमेच्या कडांवरही लहरी द्याव्या लागतात, कारण नवी त्वचा कडेकडूनच आत सरकते. बैठक काही मिनिटांत संपते आणि बहुतेकांना भूल लागत नाही, ही गोष्ट भूल न पेलणाऱ्या वृद्धांसाठी फार मोलाची आहे.

व्यवसाय म्हणून आम्ही दोन गोष्टींवर ठाम राहिलो. पहिली, घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर तपासल्याशिवाय आमचे यंत्र पायाच्या जखमेला लावले जात नाही. धमनीच तुंबली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे जायला हवे. तिथे शॉकवेव्ह देत बसणे म्हणजे पाय वाचवण्याचा वेळ घालवणे. जखमेच्या जागी गाठ किंवा कर्करोगाची शंका असेल, रक्त गोठण्याचा विकार असेल, तर डॉक्टरांचा स्पष्ट निर्णय होईपर्यंत आम्ही थांबतो. रक्त पातळ करणारी औषधे ज्येष्ठांत इतकी सर्रास असतात की त्यांची चौकशी आमच्या नोंदपत्रकात पहिल्याच ओळीवर आहे.

दुसरी, आम्ही बैठकींचे पॅकेज विकत नाही. प्रत्येक भेटीत पारदर्शक कागद जखमेवर धरून कडा आखल्या जातात आणि क्षेत्रफळ लिहिले जाते. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत साधारण निम्म्याने आटली नाही तर पुढे ती भरण्याची शक्यता बरीच कमी असते, म्हणून त्या टप्प्यावर कागद डॉक्टरांपुढे ठेवून हाडातला संसर्ग, रक्तपुरवठा, पायावरचा भार आणि आहार यांची फेरतपासणी करायची विनंती आम्ही करतो. पॅकेजचे पैसे आधीच भरलेले असले की घरच्यांना आणि आम्हांलाही थांबणे जड जाते. या धोरणामुळे काही ग्राहक गमावले, पण जे डॉक्टर टिकले ते आमच्या नोंदींवर विसंबून निर्णय घेतात.

सध्या आमचा बराच वेळ वृद्धाश्रमांतील परिचारकांच्या प्रशिक्षणात जातो. तिथे आम्ही यंत्राआधी कूस बदलणे, टाचा गादीवरून अधांतरी ठेवणे आणि मधुमेहींचे तळवे रोज पाहणे शिकवतो. यंत्र हलवण्याजोगे असल्याने रुग्णालयापर्यंत जाऊ न शकणाऱ्या रुग्णांपर्यंत आम्ही उपचार नेतो, मात्र प्रत्येक बैठक उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार आणि देखरेखीखालीच होते.