घरगुती बेस

“काका, बेस कसा पाहिजे? डीजेसारखा की घरगुती?”

मुंबई नाक्याजवळच्या कार डेकोरच्या दुकानात गाडीचे स्पीकर बदलायला गेलो, तर तिथल्या पोराने असं विचारलं आणि मी गडबडलो. घरगुती गॅस ठाऊक होता, घरगुती डबा ठाऊक होता, घरगुती बेस पहिल्यांदाच ऐकत होतो. पण शब्द आवडला. म्हटलं, घरगुतीच दे बाबा.

त्याचं तरी काय चुकलं? नाशिक ढोलाचं गाव हे. आमच्याकडे आवाज कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकायची रीत. पार केरळातल्या मिरवणुकांतही हा ढोल ‘नाशिक ढोल’ याच नावाने वाजतो म्हटल्यावर, नाशकातल्या माणसाला घरगुती असा पर्याय तरी दिला, हा त्या पोराचा मोठेपणाच.

मुळात मी तिथे गेलो तो आत्यामुळे. आमची गाडी सात सीटची, आता नऊ वर्षांची, आणि तिसरी रांग आत्याची. ती तिला कुणी दिलेली नाही, तिनेच घेतलेली. “मागे मला पाय पसरून बसता येतं,” म्हणते. मागे पाय पसरायला जागा अजिबात नाही, पण आत्याची उंची पावणेपाच फूट, त्यामुळे तिला वाद घालता येतो. मांडीवर लाडवांचा डबा, डोळे मिटलेले. लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा देत देत मध्यमापर्यंत पोचलेली. पुढे तंबोरा सुटला, कान मात्र तसाच राहिला. आणि हा कान घेऊन ती गेली नऊ वर्षं मागून एकच तक्रार करायची, “गाणं कसलं रे, इकडे नुसता डग्गा येतोय.”

मला वाटायचं, वय झालं. खरं कारण दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत सांगितलं. तिसऱ्या रांगेला स्पीकरच नाही. बारीक, वरचे सूर सरळ रेषेत जातात, मधे सीटची पाठ आली की तिथेच अडकतात. खर्ज, म्हणजे खालचा घुमणारा बेस, तेवढा वळसा घालून मागे पोचतो. म्हणजे आत्याला खरोखरच नऊ वर्षं डग्गा ऐकू येत होता. तिला वयाचं निमित्त लावल्याबद्दल मी मनातल्या मनात कान धरले.

आता खरेदी. भिंतीवर खोकीच खोकी, प्रत्येकावर वॅटचा आकडा ढोलाएवढा. पाचशे वॅट, सहाशे वॅट. खोकं उलटं केलं की खाली मुंगीच्या अक्षरांत ‘आरएमएस’ म्हणून साठ-सत्तर लिहिलेलं असतं. तो खरा, सतत पेलेल असा आकडा. वरचा लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखा समजायचा. गंमत स्टीरिओचीही तीच. पुढे लिहिलंय चार गुणिले पन्नास, म्हणजे दोनशे वॅट. आणि त्याच्या पाठीला फ्यूज किती? १० अँपिअरचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. बारा दाहे एकशेवीस. त्यातलीही काही वीज नुसती डबा गरम करण्यात जाणार. दोनशे वॅट सतत आणायचे कुठून? शाळेतलं पदार्थविज्ञान आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं म्हणून मी हा हिशोब पोराला मोठ्याने करून दाखवला. तो म्हणाला, “काका, हे कुणी विचारत नाही.”

बरं, वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे ‘वाढला वाटतं’ एवढाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे कळल्यावर मी अॅम्प्लिफायरचं खोकं जागेवर ठेवलं. पैसे गेले ते दरवाज्यात.

यावर बायको अजूनही हसते. “गाण्याला पैसे दिले की दरवाज्याला गोधडी शिवून घेतली?” पण पोराने दाराचं पॅड उघडलं तेव्हा मी चाटच पडलो. आत पातळ पत्रा आणि त्याला बशीएवढाली भोकं. नऊ वर्षांचा कागदी स्पीकर कडेने विरलेला होता, ते एक झालं, कागद आहे, विरणारच. पण नवा बसवला तरी या दारात तो काय करणार? स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. पुढची लाट नि मागची लाट त्या भोकांतून एकमेकींना भेटल्या की दोघी मिळून खर्ज खाऊन टाकतात. डग्ग्याचं भांडं फुटलेलं असावं, तसं. जुन्या नाशकात तांबट आळीवरून जाताना भांडी ठोकण्याचा आवाज लहानपणापासून ऐकलाय. चामडं कितीही चांगलं असलं तरी भांडं धड हवं, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको. तर पोराने चारी दारांना काळ्या, चिकट, वजनदार डॅम्पिंग शीट रोलरने दाबून दाबून लावल्या, भोकं बुजवली, वर नवे साडेसहा इंची स्पीकर. डिकीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये आत्यासाठी चार इंची दोन. सगळी जोडणी कपलरने, एकही वायर न कापता. काम संपल्यावर त्याने दार लावून दाखवलं. आधी ‘खण्ण’ व्हायचं, आता ‘धप्प’. त्या एका धप्पवर मी इतका खूश झालो की पुढे दिवसभर कारण नसताना दारं उघडत होतो.

बिल मी घरी आठ हजार सांगितलं. स्पीकर खरंच आठ हजारांचे होते, खोटं बोललो नाही.

रविवारी त्र्यंबकला निघालो. पपया नर्सरीचा सिग्नल सुटला, सातपूर मागे पडलं, तशी आत्याने फर्माईश केली, पलुस्कर लाव. तिच्यासाठी पलुस्कर म्हणजे शास्त्रीय गायक डी. व्ही. पलुस्कर. ते १९२१ साली नाशकातच जन्मले, चौतिसाव्या वर्षी गेले, हे ती दर वेळी शेजारचा मुलगा गेल्यासारखं सांगते. मी जरा हिरमुसलो. डावा-उजवा साधून सहा जागी स्पीकर लावावेत आणि वाजवायचं काय, तर मोनो काळातलं ध्वनिमुद्रण! सहाही स्पीकर एकच गोष्ट सांगणार. पण लावलं. मुलं नेहमीसारखी कुरकुरली नाहीत, कारण त्यांच्या कानांत त्यांचे त्यांचे इअरफोन खुपसलेले.

टाळ्या नाहीत, फक्त तो नितळ आवाज. अंजनेरीचा डोंगर दिसायला लागेपर्यंत आत्या काही बोलली नाही. मग म्हणाली, “तंबोरा लागलाय बरं का नीट.”

एवढंच. नऊ वर्षांनी तिच्यापर्यंत तंबोरा पोचला होता. मी स्टीअरिंगवर उगाच बोटाने ठेका धरला.

गाणं संपलं. गाडीत शांतता होती. पूर्वी टायरचा जो घरघरता घुमारा सतत असायचा तो निम्म्यावर आलेला. बायकोने माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, “आता खरा आकडा सांग.”

मी आरशात पाहिलं. आत्याचे डोळे मिटलेले, डबा मांडीवर. ओठसुद्धा फारसे न हलवता म्हटलं, “चोवीस.”

“चोवीस हजार?” मागून आलं.

मी आवाज वाढवायला हात पुढे केला.

“राहू दे,” आत्या म्हणाली, “मला ऐकू येतंय.”