शब्दाला किती रुपये?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: ‘वेबसाईट होतेय. डिझायनर म्हणतो मजकूर तुम्ही द्या. कंटेंट रायटर कसा निवडू आणि शब्दाला किती रुपये देऊ?’ विचारणारे कधी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाळा असलेले जॉबवर्कवाले (दुसऱ्या कंपन्यांना पार्ट करून देणारे) असतात, कधी निफाडकडचे द्राक्ष निर्यातदार, कधी पंचवटीतले लॉजमालक.

पैशाचं आधी उरकू. शब्दावर भाव ठरवू नका. शब्दाला १ रुपया धरला तर ८०० शब्दांच्या पानाचे ८०० रुपये होतात. आता वेळ मोजा: तुमच्याशी बोलायला १ तास, तुमची जुनी कोटेशनं आणि कॅटलॉग चाळायला २, लिहायला ३, दुरुस्तीला १. झाले ७ तास, म्हणजे तासाला ११४ रुपये. एवढ्यात कुणी तुमच्या गाळ्यावर येणार नाही. कुठून तरी मजकूर उचलेल, शब्द इकडचे तिकडे करेल आणि पाठवून देईल. शिवाय शब्दावर पैसे मिळायला लागले की वाक्यं फुगतात. गूगलला लांबलचक पान लागतं हा समज खोटा आहे. शब्दसंख्येची अशी कुठलीही अट नाही, हे गूगलनं स्वतः सांगितलंय. काम २५० शब्दांत होत असेल तर २५० शब्दच बरे. भाव पानावर ठरवा, आणि त्यात बोलणं, लिहिणं आणि दोन वेळची दुरुस्ती धरा.

आता निवड. लोक नमुने मागतात आणि नमुन्यांवरच भुलतात. नमुना दुसऱ्याच धंद्याचा असतो, त्यावर कुणी किती हात फिरवला ते कळत नाही, आणि छान मराठी किंवा छान इंग्रजी लिहिता येणं हा या कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे तुमच्याकडून माहिती काढून घेणं. त्यामुळे मी सांगतो ते एवढंच: फोनवर अर्धा तास द्या, तुमचा धंदा दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा. समोरचा काय विचारतो ते लिहून ठेवा.

समजा तुम्ही द्राक्षं बाहेर पाठवता. ‘कीवर्ड कोणते हवेत?’ आणि ‘टोन कसा ठेवू, फॉर्मल की फ्रेंडली?’ एवढंच विचारणारा माणूस तुमच्याशिवायही ते पान लिहू शकतो, आणि तसंच लिहिणार. कामाचा माणूस विचारतो: जाती कोणत्या, थॉमसन, क्रिमसन की काळी शरद? मण्याचा आकार किती मिलिमीटरच्या पुढे? ५०० ग्रॅमचे पनेट भरता की मोकळी द्राक्षं? बॉक्स ४.५ किलोचा की ५ किलोचा? प्रीकूलिंग स्वतःचं आहे की भाड्याचं? बागा ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेल्या आहेत का, ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र आहे का, रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीचे अंश किती उरले त्याचा) खरेदीदाराला कधी देता? यातले निम्मे शब्द त्याला आधी ठाऊक नसले तरी चालेल. ‘ग्रेप गार्ड म्हणजे काय हो?’ (द्राक्षाच्या बॉक्समध्ये बुरशी रोखायला ठेवतात तो कागद) असं मोकळेपणानं विचारणारा, मला विचारलंत तर, सगळं येतं म्हणणाऱ्यापेक्षा बरा. रॉटरडॅमचा खरेदीदार ‘निसर्गाच्या कुशीतली रसाळ द्राक्षं’ वाचायला येत नाही. त्याला मण्याचा आकार, पॅकिंग आणि कागदपत्रं दिसली की तो ईमेल करतो.

फोन बरा झाला तर एक चाचणी घ्या, आणि तिचे पैसे द्या. फुकट चाचणीला चांगली माणसं येत नाहीत आणि येणारी घाईत उरकतात. एकच पान द्या, ३०० शब्दांच्या आतलं, तेही अवघडातलं. ‘आमच्याविषयी’ तर मुळीच देऊ नका. ते पान कुणालाही लिहिता येतं. एखाद्या सेवेचं किंवा एका उत्पादनाचं द्या.

आलेलं पान कसं तपासायचं, हे एका उदाहरणावरून बघा. अंबड-सातपूरच्या कितीतरी साईटवर या चालीचं वाक्य सापडतं:

‘आम्ही नाशिकमधील अग्रगण्य सीएनसी मशीनिंग सेवा पुरवठादार असून ग्राहकांच्या गरजा लक्षात घेऊन दर्जेदार व किफायतशीर उपाय प्रदान करतो.’

यातलं ‘सीएनसी मशीनिंग’ काढून ‘केटरिंग’ घाला. वाक्याला काही होत नाही, ते तसंच चालतं. आता हे बघा, आकडे नमुन्यादाखल:

‘अंबड एमआयडीसीत टर्निंग आणि मिलिंगचं जॉबवर्क. २०० मिमी व्यास, ३५० मिमी लांबीपर्यंतचे पार्ट. टॉलरन्स ±०.०२ मिमी. एमएस, एसएस ३०४, अ‍ॅल्युमिनियम, पितळ. ५० नगांच्या खालची ऑर्डर घेत नाही. ड्रॉइंग पीडीएफ किंवा स्टेप फाइलमध्ये पाठवा, कामाच्या २ दिवसांत कोटेशन मिळेल.’

इथे केटरिंग बसत नाही. आणि गंमत अशी की यातलं ‘५० नगांच्या खालची ऑर्डर घेत नाही’ हे वाक्य मालक लोक पहिल्यांदा खोडतात, गिऱ्हाईक परत जाईल म्हणून. जाऊ द्या की. दोन नग करून मागणाऱ्यांचे रोजचे फोन त्याच वाक्यानं थांबतात, आणि चाकणच्या कारखान्यातला पर्चेसवाला दहा साईट उघडून बसलेला असतो त्याला हेच आकडे हवे असतात. असं वाक्य लिहून ते ठेवण्यासाठी तुमच्याशी थोडा वाद घालणारा रायटर मिळाला तर सोडू नका.

चाचणीच्या पानातली दोन-तीन वाक्यं दुहेरी अवतरण चिन्हांत घालून गूगलवर शोधा. जशीच्या तशी दुसरीकडे सापडली तर विषय संपला. एआयनं लिहिलंय का, यावर मात्र फार वेळ घालवू नका. ते ओळखायची साधनं खात्रीची नाहीत, आणि हल्ली बहुतेक जण कुठे ना कुठे ते वापरतातच. धोका वेगळा आहे. तुम्ही न दिलेली माहिती पानावर येते. तुमच्याकडे आयएसओ ९००१ नाही आणि पानावर ‘आयएसओ प्रमाणित’ छापलंय, धंदा ६ वर्षांचा आणि लिहिलंय ‘२५ वर्षांचा अनुभव’. म्हणून पानावरचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक प्रमाणपत्र यावर पेननं खूण करा आणि विचारा, हे कुठून आणलंत?

ही तपासणी नुसती शोभेची नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आयुर्वेदाचा दवाखाना असेल तर १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार कायदा आहे. मधुमेह मुळापासून बरा करतो, असलं वाक्य रायटरनं उत्साहात लिहिलं तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. येवल्याच्या साड्या विकणाऱ्यांनी आणखी जपावं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीच्या पानावर ‘अस्सल हातमाग पैठणी’ चढली की गिऱ्हाईक तर जातंच, वर कायद्याचंही लचांड मागे लागतं.

भाषेचं काय? मराठी की इंग्रजी, हे गिऱ्हाईक कोण त्यावरून ठरवा. निर्यात आणि कंपन्यांसाठी इंग्रजी, शेतकऱ्यांसाठी मराठी, लॉज-हॉटेलला मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही. मराठी पान इंग्रजीवरून भाषांतर करून घेऊ नका, वेगळं लिहून घ्या. ठिबकचं सामान विकणाऱ्याच्या पानावर नुसतं ‘सूक्ष्म सिंचन प्रणाली’ असेल तर ते अनुदानाच्या अर्जासारखं वाटतं. द्राक्षवाला ‘खरड छाटणी’ आणि ‘गोडी छाटणी’ म्हणतो. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ज्यानं ‘वार्षिक छाटणी प्रक्रिया’ लिहिलं तो बांधावर कधी उभा राहिलेला नाही. मोबाइलवर बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात, हे रायटरला माहीत आहे का तेही विचारा.

मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत. जुनं ब्रोशर डीटीपीवाल्यानं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. तो मजकूर कॉपी करून साईटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. मग डिझायनर त्याचं चित्र करून टाकतो, पान दिसायला झकास दिसतं, पण शोधात तिथली अक्षरं गूगलच्या हाती लागत नाहीत.

आणि ‘मी तुम्हाला मेटा कीवर्डसुद्धा (पानाच्या कोडमधली, वाचणाऱ्याला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरून देईन’ असं कुणी मोठेपणानं सांगितलं तर समजून जा. गूगल तो टॅग क्रमवारीसाठी पाहत नाही, हे २००९ पासून जाहीर आहे. पानाचं शीर्षक आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन मात्र त्यानं प्रत्येक पानासाठी वेगळं लिहून द्यायला हवं. गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

रायटर कितीही चांगला असला तरी तुम्ही त्याला रिकाम्या हातानं बसवलंत तर तो ‘अग्रगण्य’वरच येणार. त्याला द्यायचं ते असं: मागच्या ३ महिन्यांतले व्हॉट्सअ‍ॅपवरचे गिऱ्हाइकांचे प्रश्न, ५ कोटेशनं (नावं आणि दर झाकून), तक्रारींची वही, मशीनची यादी. आणि फोन उचलणाऱ्या ताईंशी २० मिनिटांचं बोलणं करून द्या. लोक नेमकं काय विचारतात ते मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. डिझाइन पूर्ण झाल्यावर चौकोनात बसेल एवढा मजकूर मागणं हा उलटा क्रम आहे. आधी मजकूर, मग डिझाइन. क्रम उलटला की शेवटच्या आठवड्यात ७ पानं दोन रात्रींत लिहिली जातात.

कागदावर काय असावं? पानं किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, तारखा, आगाऊ किती (३० ते ५० टक्के रास्त), फोटो कुणाचे. आणि एक गोष्ट हमखास राहते: कॉपीराइट. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाचा, पण बाहेरून लिहून घेतलेल्या मजकुराचा पहिला हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो. तो तुमच्याकडे यायला लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चार ओळींचा कागद पुरतो, पण ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द त्यात हवेत. रायटरकडे जीएसटी नंबर नाही म्हणून दचकू नका; सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. होस्टिंगचा आणि डोमेनचा पासवर्ड मात्र ना रायटरकडे, ना डिझायनरकडे, स्वतःकडे ठेवा.

पान चढल्यावर लगेच निकाल मागू नका. ३ महिन्यांनी गूगलचं सर्च कन्सोल (शोधातून कोण येतं ते दाखवणारं साधन) उघडा, लोक कोणत्या शब्दांनी येतायत ते बघा, आणि फोन घेणाऱ्यांना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारून वहीत लिहायला सांगा. त्या दोन याद्या घेऊन रायटरबरोबर पुन्हा एकदा बसा. या बैठकीचे पैसे आधीच करारात धरलेले बरे. द्राक्षाचं पान हंगामाच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तपासून घ्यायचं, बाग जानेवारीत काढणीला आल्यावर नाही. आणि लॉजवाल्यांसाठी तर २०२६-२८ चा सिंहस्थ आहेच: रामकुंडापर्यंत चालत किती मिनिटं, गाडी कुठं लावायची, पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील तर सामान घेऊन कुठून यायचं, पहाटे ३ वाजता गरम पाणी मिळेल का. लॉजच्या साईटवर ‘सर्व सोयींनी युक्त’ असतं, हे नसतं.