ल्युअर कुठला घ्यायचा, हे माशाच्या पोटात बघा

मासेमारीच्या दुकानात नवख्या माणसाला जसं वागवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. डॅलसजवळच्या एका मोठ्या दुकानात ल्युअरची, म्हणजे गळाला बांधायच्या खोट्या आमिषांची, भिंत छताला भिडलेली होती. जांभळे, सोनेरी, डोळे वटारलेले, शेपटीला झालरी लावलेले, सगळे प्लॅस्टिकच्या पाकिटांत ओळीने टांगलेले. "तलावातल्या स्ट्रायपर माशासाठी काय घेऊ? पहिल्यांदाच जातेय," असं विचारल्यावर तिथल्या पोराने बघता बघता टोपली भरून दिली. कुठला किती खोल जातो, कुठला कधी चालतो, याबद्दल एक अक्षर नाही. बिलाचा अंदाज आला तशी मी टोपली काउंटरवरच ठेवली आणि बाहेर पडले.

मी रेवदंड्याची. कुंडलिकेच्या खाडीत गरवणारी माणसं बघत मोठी झाले, त्यामुळे जिताडा म्हटलं की अजून जीव खालीवर होतो. अमेरिकेत डॅलसच्या शेजारी, प्लेनोत राहायला आल्यावर ऑफिसात कुणीतरी स्ट्राइप्ड बासचा, म्हणजेच स्ट्रायपरचा, फोटो दाखवला. अंगावर शाईने ओढल्यासारखे सात-आठ आडवे काळे पट्टे, रुपेरी अंग, रुंद जबडा. मूळचा हाही समुद्रातलाच, पण गोड्या पाण्यात नांदतो. आमच्याकडे पेण-अलिबागच्या शेततळ्यांत जिताडा वाढवतात, तसाच प्रकार. फरक इतकाच की जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो आणि हा अंडी घालायला नदीत वर चढतो. हे वाचलं आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत धाकट्या भावाला बरोबर घेऊन टेक्सोमा तलाव गाठायचं ठरवलं.

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हायवे 75 धरायचा आणि उत्तरेला जात राहायचं. डेनिसन आलं की टेक्सस संपत येतं. आयझेनहॉवर 1890 मध्ये याच गावात जन्मले, त्यांच्या नावाचं स्टेट पार्क तलावाच्या काठावर आहे. मोटेलमधला नाश्ता तोंडात घालवत नव्हता.

तलाव मात्र अफाट. रेड रिव्हरवर डेनिसनचं धरण 1944 मध्ये पुरं झालं आणि सुमारे 89 हजार एकर पाणी अडलं. थोडं टेक्ससचं, बरंचसं ओक्लाहोमाचं. स्ट्रायपर इथे 1965 पासून सोडले आणि 1974 नंतर सोडायची गरजच उरली नाही, कारण ते स्वतःच वाढू लागले. असं भाग्य फार थोड्या तलावांच्या वाट्याला येतं. या माशाची अंडी दोनेक दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाशी बसली की गाळात गुदमरून मरतात. टेक्सोमाला वरून रेड आणि वॉशिटा अशा दोन लांबलचक नद्या येऊन मिळतात, म्हणून इथे ते जमतं. शिवाय रेड रिव्हर वाटेतल्या खारट झऱ्यांचं मीठ घेऊन येते. मी मुद्दाम बोट बुडवून चाखलं. किंचित मचूळ लागलं.

आमचा गाइड साठीच्या पुढचा, ओक्लाहोमाच्या बाजूचा. फोनवरच त्याने बजावलं होतं, "मॅम, काही विकत घेऊ नका. गरम कपडे आणा आणि लायसन्स काढा." टेक्सोमाचं वेगळं लायसन्स मिळतं, ते दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालतं. पहिली सकाळ जिवंत आमिषावर गेली. वारा बोचरा होता, मासे मिळाले.

खरा धडा मिळाला तो मरीनावर, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर, परतल्यावर, मासे साफ करायच्या ओट्यापाशी.

सिमेंटचा ओटा, वर पत्रा, पाण्याचा पाइप आणि ओट्याखाली रांगेत उभे असलेले पांढरे पेलिकन, चोची वर करून. गाइडने इलेक्ट्रिक सुरीने मांसाच्या पट्ट्या सोडवायला सुरुवात केली. दोन मासे झाल्यावर तो थांबला आणि साधी सुरी घेऊन एका माशाच्या पोटाची पिशवी उभी चिरली. आतून बारकी मासळी ओट्यावर घसरली. काही अर्धवट जिरून पिठासारखी झालेली, काही अगदी नुकती गिळलेली, खवले चकचकीत, डोळे शाबूत. त्याने त्यातली एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. थ्रेडफिन शॅड, आपल्या तारलीच्या नात्यातलीच. पाठ निळसर करडी, पोट पांढरंशुभ्र, पाठीच्या पराचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब, त्यावरूनच नाव पडलेलं. माझ्या करंगळीपेक्षा जराशी मोठी, फार तर अडीच इंच.

"उद्या तुमचा ल्युअर एवढाच असायला हवा," तो म्हणाला. "हा तलाव सध्या हेच खातोय."

मग त्याने आपला डबा उघडला. मला वाटलं होतं, दुकानातली भिंतच आता छोट्या आकारात दिसेल. पण डब्यात तीनच जातीचे ल्युअर होते, फक्त वजनं वेगवेगळी. एक स्लॅब, म्हणजे शिशाचा चपटा, पांढरा रंगवलेला तुकडा आणि खाली गळ. तो दगडासारखा झटकन तळाला जातो. दुसरा रबराचा मासा, गळाला जोडलेल्या शिशाच्या गोल डोक्यावर चढवलेला, त्याची पसरट शेपटी ओढताना थरथरते. तिसरा पाण्यावर तरंगणारा पेन्सिल पॉपर, रॉडला झटके दिले की डावीकडे-उजवीकडे फुत्कारत धावतो.

मी रंगाचं विचारलं, तर त्याने मान हलवली. रंग शेवटी. आधी मासे किती खोल आहेत ते बघायचं, कारण त्यांच्या डोक्यावरून गेलेला सर्वांत देखणा ल्युअरही फुकट. मग लांबी, ती पोटातल्या मासळीशी जुळवायची. उन्हाळ्यात शॅडची पिल्लं नखाएवढी असतात तेव्हा ल्युअरही लहान करायचा, वसंतात मोठी गिझर्ड शॅड खाणाऱ्या धिप्पाड माशांच्या मागे असलो तर सहा-सात इंचांचा बांधायचा. त्यानंतर पाणी. धरणाच्या बाजूला नितळ असतं, तिथे पांढरा किंवा मोतिया. पाऊस पडून नद्यांच्या तोंडाशी तांबडा गाळ आला की झगझगीत पोपटी, नाहीतर माशाला दिसणारच नाही. एवढं दुकानातल्या त्या पोराने सांगितलं असतं तर मी तिथून आनंदाने पैसे मोजून निघाले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाण्यावर होतो. पॉपरला दोन उसळ्या मिळाल्या, गळाला काही लागलं नाही. मग ऊन वर आलं आणि दूर कुरव पक्ष्यांचा थवा एका जागी गोल फिरून पाण्यावर कोसळायला लागला. स्ट्रायपर खालून शॅडचा कळप वर रेटतात आणि पक्षी वरून तुटून पडतात; हिवाळ्यात टेक्सोमावर मासे शोधायची हीच खूण. गाइडने लांबूनच इंजिन बंद केलं आणि ट्रोलिंग मोटरवर, म्हणजे विजेच्या छोट्या मोटरवर, आवाज न करता, वाऱ्याच्या बाजूने होडी सरकवत नेली. पंख, चोची, उडणारं पाणी. मी पहिल्या फेकीसाठी हात मागे घेतला आणि डावीकडून एक होडी पूर्ण वेगात थेट त्या थव्याच्या मधोमध घुसली. पाठोपाठ आणखी दोन. पक्षी उधळले, मासे खाली गेले, पाच मिनिटांत सगळं सामसूम. त्या होड्यांवर हजारो डॉलरची यंत्रं होती, ल्युअरने भरलेले डबे होते, आणि शंभर फुटांवर थांबायची सबुरी मात्र कुणाकडे नव्हती. मला आजही त्याची चीड आहे. नवख्या माणसाने ल्युअरच्या आधी शिकायची गोष्ट असेल तर ती ही आहे.

गाइड काही बोलला नाही. मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून त्याने दाखवलं, मासे तीस फुटांवर तळाशी जमले होते. पॉपर सोडून स्लॅब बांधला. दोरी सैल सोडली, शिसं तळाला टेकल्याचं बोटाला कळलं. रीळ भराभर चार-पाच वेढे, थांबा, पुन्हा खाली. असं करताना ल्युअर खाली पडत असतानाच दोरी मध्येच ढिली झाली. "आता!" गाइड ओरडला. घाव बहुतेक वेळा पडतानाच बसतो, कारण जखमी शॅड तशीच गिरक्या घेत खाली जाते. मी रॉड उचलला आणि पलीकडून जे हिसके बसले, ते खांद्यापर्यंत पोचले. भाऊ मागून "ताई, सोडू नकोस, ताई!" करत होता. मासा दोनदा होडीखाली शिरला, रिळाने किरकिरत दोरी सोडली, आणि शेवटी जाळीत पट्टे दिसले तेव्हा माझे हात थरथरत होते. बावीस इंच. माणशी दहा मासे नेता येतात, पण वीस इंच किंवा त्याहून मोठे त्यांतले दोनच, हा नियम चांगला आहे आणि गाइड प्रत्येक मासा पट्टीवर ठेवून तो पाळत होता. एकेरी गळामुळे लहान मासे पटकन सोडवून परतही टाकता येत होते. तीन काट्यांच्या गळाने त्यांची तोंडं फाटतात, म्हणून मी स्वतःसाठी ल्युअर घेतले ते एकेरी गळाचेच.

परतताना गावातल्या छोट्या दुकानातून एक औंसाचे पांढरे स्लॅब आणि रबरी माशांचं एक पाकीट घेतलं. बस, तेवढंच.

मासे घरी आणल्यावर मांसाच्या मधोमध असलेली तांबडी पट्टी काढून टाका, नाहीतर उग्र वास येतो. बाकी आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवला की हा मासा झकास लागतो. आणि कालवणासाठी डोकी हवी असतील तर गाइडला सुरी लावायच्या आधीच सांगून ठेवा. इथे ती कुणी नेत नाही, ओट्यावरून सरळ पेलिकनच्या चोचीत जातात. आमची पहिल्या दिवशीची सगळी तशीच गेली.