फोनवर चालतं, लॅपटॉपवर नाही

आमच्या गोव्यातल्या सावईवेऱ्यात पावसाळ्यात नेट गेलं तर कोणाला नवल वाटत नाही. फणसाची फांदी वायरीवर पडते, वानरं कौलांवरून उड्या मारता मारता फायबरला लोंबकळतात, लाईट तर जातेच. त्यामुळे श्रावणात माझा लॅपटॉप मधूनच वायफाय सोडायला लागला तेव्हा "वानरांचंच काम ते गो" म्हणून सासूबाईंनी विषय संपवला. मला तो संपवून चालणार नव्हतं. मी घरी बसून दुकानदारांची जीएसटीची कामं करते आणि ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची वीस तारीख वानरांसाठी पुढे जात नाही.

लॅपटॉपच्या शेजारी फोन ठेवला, त्याचा मोबाईल डेटा बंद केला आणि एकाच वायफायवर दोन्हीकडे एकच पान उघडलं. डेटा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर फोन गुपचूप मोबाईलच्या नेटवर सरकतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. फोनवर पान झटकन उघडलं, लॅपटॉपवर चक्र फिरतच राहिलं. म्हणजे फायबर, नेटची कंपनी आणि वानरं तिघंही निर्दोष. तरी घरच्यांच्या समाधानासाठी कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला. तिथल्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, तक्रारीचा नंबर दिला आणि माणूस पाठवतो म्हणाला.

राउटर बंद-चालू करण्याला मी हसत नाही. पुष्कळ राउटर चालू होताना नवा चॅनेल शोधतात, अडकलेल्या जोडण्या सुटतात, खरंच फरक पडतो. पण आधी डब्यावरचे दिवे बघावेत. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटलीय किंवा फार वाकलीय, आणि मग लॅपटॉपवर तासभर डोकं फोडण्यात काही अर्थ नाही. आमचा पॉन हिरवागार होता.

मग काळी खिडकी उघडली. कमांड प्रॉम्प्टला लोक उगाच घाबरतात. 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं की लॅपटॉपला कुठला पत्ता मिळालाय ते दिसतं. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने आपल्या मनाने लावून घेतलाय. अशा वेळी वायफायचं नाव 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा घातला की बऱ्याचदा काम होतं. माझा पत्ता १९२.१६८ वाला, म्हणजे ठीक होता. पुढचं पिंग. 'पिंग', मग राउटरचा पत्ता, आणि शेवटी 'डॅश टी' लावलं की आपण कंट्रोल-सी दाबेपर्यंत ते चालूच राहतं. लॅपटॉप राउटरला हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते ओळीओळीने लिहितो. माझ्याकडे दोन मिलिसेकंद, तीन, दोन, दोन असं छान चाललेलं असताना एकदम आठशे, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', पुन्हा तेच, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात परत दोन.

या एका परीक्षेने मला जेवढं कळलं तेवढं कॉल सेंटरच्या कुठल्याही फोनने कळलं नसतं. राउटर नीट ओ देतोय पण ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) देत नाही, तर घोळ घराबाहेर, कंपनीला धरा. ८.८.८.८ ओ देतंय पण नावाने एकही साईट उघडत नाही, तर घोळ डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. तिथे कंपनीचा डीएनएस काढून हेच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातलं की सुटका. आणि भिंतीपलीकडच्या राउटरलाच हाक पोचत नसेल, तर जे काही आहे ते माझ्या चार भिंतींच्या आत.

भिंती म्हणाल तर त्या आहेतच तशा. जुनं घर, दीड-दोन फूट जाडीचा चिरा, मध्ये राजांगण. राउटर वसरीवर, कारण फायबर तिथूनच आत आली आणि बसवणाऱ्याला तेवढंच सोयीचं होतं. माझं टेबल मागच्या खोलीत. हल्लीचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान पण भिंतीत लवकर दम सोडतो. २.४ वाला हळू, पण जरा चिवट. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसतो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल गिळते. कंपन्या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, कुठली धरायची ते लॅपटॉपवर सोडतात, आणि माझा लॅपटॉप पाचच्या मरतुकड्या सिग्नलला घोरपडीसारखा चिकटून बसायचा. राउटरच्या पानावर जाऊन दोघांना वेगळी नावं दिली आणि मागच्या खोलीत २.४ घेतला. फरक पडला, पान भरभर उघडू लागलं. पण तुटणं काही थांबलं नाही.

(फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना उलटा त्रास असतो. माझ्या बहिणीकडे, पर्वरीला, यादी उघडली की सगळ्या इमारतीची वायफाय दिसतात आणि २.४ वर नुसती गर्दी. तिथे १, ६, ११ यांतला जो चॅनेल मोकळा असेल तो हाताने लावावा, कारण हे तीन एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. जवळ राउटर असेल तर सरळ पाच वापरावा. आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी राउटर ठेवू नये, तोही २.४ च्याच आसपास गुणगुणतो.)

इंटरनेटवर सापडणारे बाकीचे उपायही केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढली. ती कोणीही काढावी, बॅटरी वाचते ती नावापुरती. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवा घातला. काडीचा फरक नाही.

चवथीला भाचा आला होता. माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाची, बांधाबांध झाल्यावर माझ्या खोलीत येऊन बसला. पिंग चालूच होतं. राजांगणातून उजेड स्क्रीनवर येत होता म्हणून मी लॅपटॉपचं झाकण जरा मागे ढकललं.

"मावशी, परत कर."

"काय परत करू?"

"झाकण. पुढे घे. आता मागे."

मागे केलं की टाइम्ड आउट. पुढे घेतलं की दोन मिलिसेकंद. मागे, टाइम्ड आउट. लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा झाकणात, स्क्रीनच्या कडेला असतो. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरतात आणि कीबोर्डच्या पोटातल्या वायफाय कार्डाला लागतात. रोज उघडझाप करून त्या बिजागरीपाशी चिरडतात. मी सकाळी झाकण सरळ ठेवून काम करायचे, दुपारी ऊन आलं की मागे ढकलायचे, आणि दुपारच्या पावसाला बोल लावायचे.

फोंड्याच्या दुकानात त्या माणसाने माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं. कार्ड केवढं, तर बोटाच्या एका पेराएवढं. त्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारी दोन सोनेरी टिचबटणं, एकावर काळी वायर, एकावर पांढरी. पांढरी ठीक होती. काळी त्याने चिमट्याने उचलली तर बटणाच्या कडेला हिरवट पूड, आणि बिजागरीपाशी वरचं आवरण फाटून आतली जाळी बाहेर आलेली. "हें पळय," म्हणाला, "हांगा तुटल्या." (हे बघ, इथे तुटलीय.) हिरव्या पुडीचं खापर त्याने आपल्या दमट हवेवर फोडलं. ते पटलं. वायर मात्र हवेने नाही, बिजागरीने खाल्ली.

वायर मुंबईहून यायची होती आणि वीस तारीख त्याआधी. तोवर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाकली. शंभर मीटरपर्यंत तिचं काही बिघडत नाही आणि चिऱ्याशी तिचं काही वाकडं नाही. लॅपटॉप नवा बारीक असल्यामुळे त्याला लॅनचं भोकच नाही, ते यूएसबीचा जोड घेऊन भागवलं. खांबावरून वाश्याला बांधून केबल मागच्या खोलीत आणली. दिसायला वाईट दिसते, सासूबाईंनी नाक मुरडलंय. वायर बदलून झाली, झाकण आता कुठेही ढकला, पिंग हलत नाही. तरी केबल काढलेली नाही, आणि विवरणपत्रं मी तिच्यावरच भरते. कंपनीचा माणूस चवथ उलटल्यावर आला, राउटर बंद करून चालू केला आणि तक्रार मिटल्याची सही घेऊन गेला.