गणपतीपर्यंत गळ माळ्यावर

मृगाच्या दुसऱ्या पावसात ओढा लाल होऊन वाहिला आणि वाडीतली पोरं टॉर्च, कोयते घेऊन वळगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांना निघाली. "काका, येताय ना?" मी नाही म्हटलं.

लहानपणापासून मीही जायचो. पण दोन वर्षांपूर्वी घरी आणलेला मळा मासा आईने चिरला, तर बोटभर माशाचं निम्मं पोट गाबोळीने भरलेलं. तो अंडी घालायलाच उथळ पाण्याकडे चढत होता आणि वाटेत मी उभा. तेव्हापासून पहिला पाऊस पडला की गळ माळ्यावर जातो, तो गणपती झाल्यावरच खाली येतो.

धरणाचंही तसंच. पाणी सरकारचं, मग मला कोण अडवणार, असं मला वाटायचं. एकदा राखणदाराने गळ काढून घेतला. मी तावातावाने भांडलो. त्याने शांतपणे मला काठावर नेलं. तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला, त्या दिवशी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आलेली. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशव्या तोंड न सोडता पाण्यावर तरंगत ठेवल्या होत्या. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत थांबायचं, मग हळूच गाठ सोडायची. पिल्लं एकदम बाहेर पडत नाहीत, पिशवीच्या तोंडाशी घुटमळतात. ते पाहून माझा आवाज बसला. यांनी पैसे भरून, राखून वाढवलेले मासे मी फुकट काय म्हणून न्यायचे? आता आधी संस्थेत जातो, पावती फाडतो, ते सांगतील त्याच काठाला बसतो. प्रत्येक तलावाचे नियम वेगळे, म्हणून विचारणं आलंच.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. चुरमुरे टाकले की हातभर मासे वर येतात. आणि दुसरीकडे लोक डोहात ब्लीचिंग पावडर ओततात, तोटे उडवतात. सुरुंग आणि विष लावून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. अशा डोहावर करंगळीएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगताना मी पाहिली आहेत. असं करणारा माझ्या ओळखीचा निघाला तरी मी पोलिसांत सांगेन.

परवा त्या पोरांतलाच एक जण आला, "गळ शिकवा." गणपती झाले की ये म्हटलं. तोवर त्याला काटा बांधायची गाठ दाखवली. ओट्यावर बसून संध्याकाळभर बांधत होता.