अ‍ॅक्सेप्टन्स रेट म्हणजे तुझा चान्स नव्हे

भाची सध्या अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी करतेय आणि रोज एकच प्रश्न, "मामा, माझा किती टक्के चान्स आहे?" चान्स सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत म्हणे, मार्क टाका, सॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर टाका की आकडा हजर, तोही दशांशासकट! माझा त्यावर काडीचा विश्वास नाही, तिचे निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेत कुठले विषय मिळत होते, यातलं काहीच त्याने वाचलेलं नसतं.

हार्वर्ड हल्ली शंभर अर्जदारांतले तीन-चार जण घेतं, हाच त्यांचा अ‍ॅक्सेप्टन्स रेट, पण म्हणून प्रत्येकाचा चान्स तीन-चार टक्के असं थोडीच आहे. त्या आकड्यात भरती केलेले खेळाडू आहेत, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, आणि त्यांना किती झुकतं माप मिळतं ते २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाली निघालेल्या हार्वर्डवरच्या खटल्यात आकड्यांनिशी बाहेर आलंय. ते वजा केले की बाकीच्यांचा रेट अजून खाली. अर्ली राउंडचा, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांच्या फेरीचा, रेट मोठा दिसतो त्यातही या मंडळींचा हात असतो. आणि अर्जदार परदेशी असेल तर विचारूच नका, एमआयटी परदेशी मुलांचे आकडे वेगळे देते, त्यावरून काढलेला रेट एकूण रेटच्या साधारण निम्मा येतो.

भाचीचा दुसरा हिशोब भारी होता. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या वेबसाइटवर, २० कॉलेजांना अर्ज करता येतो, प्रत्येकी ५ टक्के धरले तर कुठेतरी लागायचा चान्स ६४ टक्के! गणित चुकलेलं नाही, फक्त ते फाशांचं गणित आहे, जिथे एका फेकीचा दुसरीशी संबंध नसतो. इथे फाईल तीच, मार्क तेच, मुख्य निबंधही तोच, त्यामुळे एकाला जे कमी वाटलं ते बाकीच्यांनाही वाटायची शक्यता बरीच, म्हणजे खरा आकडा ६४ च्या खालीच असणार, किती खाली ते मात्र काढता येत नाही.

त्यापेक्षा कॉलेजच्या नावापुढे कॉमन डेटा सेट टाकून सर्च करा. प्रवेशाच्या आकड्यांचा हा ठरावीक साच्यातला तक्ता बरीच कॉलेजं दरवर्षी काढतात. त्यातल्या सी७ या भागात ते कशाला किती महत्त्व देतात ते असतं, सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांच्या स्कोअरची रेंज. फक्त जिथे टेस्ट ऐच्छिक आहे तिथे चांगला स्कोअरवालेच तो पाठवतात, म्हणून ती रेंज फुगलेली असते (एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली). स्कोअर रेंजच्या खाली असेल तर ते कॉलेज अवघड हे कळतं, वर असेल तर फारसं काहीच कळत नाही, कारण तसे स्कोअर असलेली ढिगाने मुलं नाकारली जातात.

आणि पैसे! फीसाठी आर्थिक मदत मागितली तरी परदेशी अर्जदाराच्या निवडीवर परिणाम होऊ न देणारी कॉलेजं मोजकीच, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की चान्स घटतो, तोच मुलगा, तेच मार्क असले तरी. म्हणून तिच्या एक्सेलमध्ये पैशांचा कॉलम मी रेटच्या आधी घालायला लावला. बाईसाहेब अजून रुसलेल्या आहेत.